रेघ आणि भिंत

उर्दू न येणाऱ्याला अलिफ ही नुसती उभी रेघ दिसते. वाचता येणाऱ्याला ते अक्षर असते. घरांचे नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा इतिहास वाचताना मला हेच आठवले.

१९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड यांच्या 'स्केचपॅड'ने संगणकाच्या पडद्यावर लाइट पेनने रेघ काढून दाखवली. १९८२ मध्ये 'ऑटोकॅड'ने हे काम छोट्या संगणकावर आणले. पण संगणकाच्या लेखी ती रेघच होती. ती भिंत आहे, हे फक्त आर्किटेक्टला ठाऊक. भिंत सरकवली की प्रत्येक नकाशा वेगळा दुरुस्त करायचा. एखादा राहिला, तर चूक थेट बांधकामात.

संगणकाला रेघ नव्हे, इमारतच सांगावी, हा विचार अमेरिकेत चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्येच मांडला होता. तो आर्किटेक्टच्या टेबलावरच्या छोट्या संगणकापर्यंत नेणाऱ्यांत हंगेरीचे गाबोर बोयार पुढे होते. १९८२ मध्ये त्यांनी बुडापेस्टला 'ग्राफिसॉफ्ट' सुरू केली. शीतयुद्धामुळे पाश्चात्त्य संगणक तिथे पाठवण्यावर निर्बंध होते. तरीही त्यांच्या 'आर्किकॅड'मध्ये भिंतीला जाडी मिळाली, उंची मिळाली. एकदा बदल केला की तो सगळ्या नकाशांत दिसू लागला.

"सर, आमच्याकडे कॉम्प्युटर कुठंय?" असे मुले विचारतात, तेव्हा मी त्यांना बुडापेस्टची गोष्ट सांगतो.