साहेबाची उडी, सोन्याची वीट

मुंबई बंदरात शिडाच्या होडीतून फिरायचं तर दुपारी. पश्चिमेचा खारा वारा सुटलेला असतो. गेटवेहून निघालेली होडी त्याला पाठ देऊन मिडल ग्राउंडच्या चिमुकल्या किल्ल्याकडे सरसर जाते. परतताना मात्र वारा समोरून. मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं तिरकं कापत यावं लागतं. या येरझाऱ्यांत किनारा निवांत बघून होतो. मी तो बघत होतो आजोबांच्या गोष्टींतून. ते गोदीत टॅली क्लार्क होते.

ताजची गोष्ट त्यांची लाडकी. साहेबानं नकाशा उलटा धरला, हॉटेल पाठमोरं उभं राहिलं, ते बघून साहेबानं वरून उडी मारली! पाण्यावरून ताज मुळीच पाठमोरं दिसत नाही. मूळ दार शहराच्या बाजूला होतं एवढं खरं. नकाशे केले सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. वैद्य काम चालू असतानाच वारले, चेंबर्स साहेबानं ते पुरं केलं आणि १९०३ साली हॉटेल उघडलं. उडी कोणी मारलीच नाही. मला खटकतं ते वेगळंच: गोष्टीत साहेबाची आत्महत्या सुखरूप राहिली आणि वैद्यांचं नाव वाहून गेलं.

गेटवेच्या बाबतीत मात्र आजोबा पक्के होते. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच. त्याच्यासाठी पुठ्ठ्याची तात्पुरती शोभा उभारली होती. पिवळसर बेसॉल्टची खरी वास्तू पुरी झाली १९२४ साली. २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची गोरी पलटण तिच्याखालूनच बोटीवर गेली. "यायला बांधली, जायला कामी आली," असं म्हणून आजोबा तपकिरीची डबी उघडत.

उत्तरेला गोदीच्या क्रेना दिसू लागल्या. तिथली व्हिक्टोरिया गोदी आता भराव घालून बुजवली आहे. १४ एप्रिल १९४४ ला तिथं फोर्ट स्टिकीन हे जहाज उभं होतं. पोटात दारूगोळा, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. युद्धाच्या घाईत असा शेजार कोणी खपवून घेतला कोण जाणे. कापूस धुमसू लागला, पाणी मारूनही आग हटेना, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासानं दुसरा. आजोबा सकाळच्या पाळीचे, म्हणून वाचले. मेलेल्यांची ते कधी बात काढत नसत. सांगत ते सोन्याचं. विटा खरोखरच उडाल्या होत्या. एका पारशी गृहस्थाच्या घरी पडलेली वीट त्यांनी परत केल्याची नोंद आहे. आमच्या चाळीत मात्र वीट दर वेळी शेजारच्या चाळीत पडलेली असे, आणि ती परत केल्याचं कोणाच्याच ऐकिवात नसे.

भाऊचा धक्का आला तशी आजीची गोष्ट आठवली. धक्का बांधला भाऊ अजिंक्यांनी, १८४१ साली. तिथून १७ जुलै १९४७ च्या सकाळी, ऐन गटारी अमावस्येला, रामदास बोट रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ लाटांनी कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. पोहत, तरंगत कोणी किनाऱ्याला लागेपर्यंत मुंबईला खबरच नव्हती. त्यांच्याखेरीज रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलेले लोक तेवढे वाचले. आजीचं माहेर अलिबागकडचं. सणाला तीही जाणार होती, पण माझ्या आत्याला ताप भरला आणि बेत राहिला. या गोष्टीत तिनं कधी पदरचं काही घातलं नाही, दर वेळी तेवढीच वाक्यं. पुढे माहेरी जायचं झालं की ती पनवेल, पेण, वडखळ असा रस्त्याचा वळसा घेई, आणि तिकिटाचे पैसे जास्त पडतात म्हणून आजोबा कुरकुरले, तर त्यांना एकट्यानं बोटीनं जायला सांगे. तेही मुकाट एसटीनंच जात.