प्राण्यांचे शास्त्रीय वर्गीकरण

प्राण्यांमधील नातेसंबंध शोधून त्यांची चढत्या श्रेणीच्या गटांत केलेली मांडणी. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती या तिच्या सात मुख्य पायऱ्या. वरून खाली यावे तसा गट लहान होतो आणि त्यातील प्राण्यांचे साम्य वाढते.

ॲरिस्टॉटलने लाल रक्त असलेले आणि नसलेले असे प्राण्यांचे दोन मोठे भाग केले होते. आजच्या पद्धतीचा पाया स्वीडनचे कार्ल लिनीअस (१७०७–७८) यांनी घातला. त्यांच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली. कोळ्यांवरील एका ग्रंथाचा अपवाद सोडला, तर त्याआधीची प्राणिनामे आज ग्राह्य धरत नाहीत. आधी माशांत गणलेले देवमासे लिनीअस यांनी याच आवृत्तीत सस्तन वर्गात आणले. पाण्यातल्या वस्तीपेक्षा शरीररचना निर्णायक ठरली. संघ व कुल या पायऱ्या मात्र त्यांच्या नाहीत. संघाची संज्ञा एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये रूढ केली.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू या पायऱ्यांवर असा बसतो: प्राणिसृष्टी; आयुष्याच्या एखाद्या अवस्थेत तरी पाठीत आधाररज्जू असते, म्हणून रज्जुमान संघ; अंगावर केस आणि पिलांना दूध, म्हणून सस्तन वर्ग; आयुष्यभर वाढत राहणारे पटाशीचे दात, म्हणून कृंतक गण; पुढे खारींचे कुल, रॅट्युफा प्रजाती आणि इंडिका ही जाती. रॅट्युफा प्रजातीत मोठ्या खारींच्या चार जाती आहेत. वृत्तपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास जातीसाठी वापरला जातो. त्याने अर्थाचा घोटाळा होतो, तो टाळायला हवा.

शास्त्रीय नाव प्रजाती व जाती मिळून दोन शब्दांचे असते आणि लॅटिन वळणाचे असते. त्यापुढे नाव देणाऱ्याचे नाव व वर्ष लिहितात: रॅट्युफा इंडिका (अर्क्सलेबेन, १७७७). येथील कंसालाही अर्थ आहे. अर्क्सलेबेन यांनी शेकरूला सामान्य खारींच्या सायुरस प्रजातीत ठेवले होते. पुढे प्रजाती बदलली, हे कंस सांगतो. एकाच जातीला अनेक नावे मिळाली असतील, तर सर्वसाधारणपणे सर्वांत जुने ग्राह्य नाव टिकते. नाव एका जपून ठेवलेल्या नमुन्याशी बांधलेले असते, म्हणूनच वस्तुसंग्रहालयातील जुन्या कातड्यांचे व कवट्यांचे मोल कमी होत नाही.

सातही पायऱ्या सारख्या दर्जाच्या नाहीत. आपापसांत संकर होऊन प्रजननक्षम संतती देणारा आणि इतरांपासून प्रजननाने अलग असलेला समूह म्हणजे जाती, ही अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेली व्याख्या निसर्गात तपासता येते. जीवाश्मांना किंवा अलैंगिक प्रजनन करणाऱ्या प्राण्यांना ती लागू करता येत नाही, ही तिची मर्यादा. जातीच्या वरच्या पायऱ्यांना अशी कसोटीच नाही. कीटकांचे एक कुल आणि सस्तनांचे एक कुल यांची तुलना करून काहीही सिद्ध होत नाही.

विली हेनिग यांनी १९५० नंतर आग्रह धरला तो समान पूर्वजाचा: एका पूर्वजाचे सर्व वंशज एकाच गटात हवेत. मगरी सरड्यांपेक्षा पक्ष्यांना जवळच्या आहेत. त्यामुळे पक्ष्यांना वगळून केलेला सरीसृप वर्ग या कसोटीवर टिकत नाही, तरी शालेय पुस्तकांत तो अजून आहे.

केरळमधून २००३ मध्ये वर्णन झालेला नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस हा जमिनीखाली राहणारा जांभळा बेडूक जातीच्या वरच्या पायऱ्यांना पक्की कसोटी नसल्याचे बोलके उदाहरण आहे. त्याचे सर्वांत जवळचे आप्त हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर राहतात. हे नाते सर्वांना मान्य आहे. त्याच्यासाठी मात्र शोधकर्त्यांनी नवे कुल उभारले, तर काही अभ्यासकांनी त्याला सेशेल्सच्या बेडकांच्या कुलातच घातले.