जुन्या प्लगिनमधली ढोलकी

जानेवारी २०२२ मध्ये हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीनं जाहीर केलं की चोवीस महिन्यांच्या आत तिच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीएसटी-२ प्रकारची प्लगिनं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायची वाद्यं आणि इफेक्ट, चालणं बंद होईल, पुढे फक्त व्हीएसटी-३ चालेल. ज्याचा रेकॉर्डिंगशी संबंध नाही त्याला यात काळजी करण्यासारखं काही दिसणार नाही. पण चिखली तालुक्यातल्या आमच्या उंद्रीत, पूर्वी सोयाबीनची पोती ठेवत त्या खोलीच्या भिंतींना गोधड्या आणि फोम लावून मी जे रेकॉर्डिंग करतो, त्यातलं निम्म्याहून जास्त काम याच व्हीएसटी-२ वर उभं आहे. शेगावच्या पालखीसाठी बांधलेली गजानन महाराजांची भजनं, १४ एप्रिलची भीमगीतं, १२ जानेवारीला सिंदखेडराजाला वाजवायची जिजाऊंची गाणी, लग्नातली हळदीची गाणी. ही गाणी कोणत्याही मोठ्या कंपनीनं काढलेली नाहीत. ती जिथं तयार झाली तिथंच आहेत, जुन्या हार्डडिस्कवर. म्हणून या धंद्याचा मागचा इतिहास मांडून ठेवावासा वाटतो.

यंत्रातलं गाणं आमच्या भागात आलं ते तबकडीवरून. १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्गनं कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि पुढची सहा-सात दशकं लाखेची, मिनिटाला ७८ फेरे फिरणारी तबकडी देशभर वाजत राहिली. लग्नाच्या मांडवात भोंगा बांधला की आवाज पार शिवारापर्यंत जायचा, असं जुनी माणसं सांगतात. १९७० च्या सुमारास या तबकड्या निघणं थांबलं. तरी ती तबकडी आजही वाजते, कारण गाणं तिच्या खाचेतच कोरलेलं आहे. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकरांसारख्या तिच्या कार्यकर्त्यांनी जुन्या बाजारातून तबकड्या गोळा केल्या, त्यांची माहिती लिहून ठेवली. काढणारी कंपनी बुडाली असली तरी तबकडीला तिची परवानगी लागत नाही, एक पिन आणि एक फिरती थाळी लागते.

मग कॅसेट आली. फिलिप्सनं ती १९६३ मध्ये काढली, पण आमच्याकडे तिचं राज्य १९८० नंतरचं. गायक प्रल्हाद शिंदे गावागावांत पोचले ते कॅसेटवरून. तालुक्याच्या गावी गाणी भरून देणारी दुकानं होती. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची आणि पुढच्या बाजाराला भरलेली कॅसेट घेऊन यायची. पुढे त्याच दुकानांत सीडी भरून मिळू लागली, आणि मग मोबाइलवाल्याकडे मेमरी कार्ड. या सगळ्या काळात स्थानिक गायकाला स्वतःचा आवाज बाजारात आणायचा तर मोठ्या शहरातला स्टुडिओ गाठावा लागे. वादकांचा खर्च, गाडीभाडं, मुक्काम, सगळं त्याच्या अंगावर. म्हणून बहुतेकांची गाणी गावाच्या वेशीबाहेर गेलीच नाहीत.

ही अडचण संगणकानं सोडवली, आणि त्याचं मोठं श्रेय स्टाइनबर्गलाच द्यायला हवं. १९८४ मध्ये कार्ल स्टाइनबर्ग आणि मानफ्रेड र्‍युरुप यांनी ही कंपनी काढली. १९९६ मध्ये क्यूबेस या आपल्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरबरोबर तिनं व्हीएसटी आणलं आणि नंतर इतरांनाही त्या पद्धतीची प्लगिनं बनवण्याची मुभा दिली. सुरुवातीची प्लगिनं घुमारा, एको असल्या इफेक्टची होती. खरा बदल १९९९ मधल्या व्हीएसटी-२ नं घडवला, कारण आता प्लगिनला मिडीचे, म्हणजे कोणता सूर कधी वाजवायचा हे सांगणारे, संदेश घेता येऊ लागले. म्हणजे प्लगिन स्वतःच वाद्य झालं. कीबोर्डची पट्टी दाबायची आणि संगणकातून व्हायोलिनचा ताफा, बासरी, सतार, ढोलकी वाजायची. जगभरच्या हौशी लोकांनी घरी बसून हजारो प्लगिनं बनवली, कितीतरी फुकट वाटली. स्विस कंपनी स्वार सिस्टिम्सच्या स्वारप्लगनं तर आपली वाद्यं त्यात आणली.

उंद्रीसारख्या गावात याचा अर्थ काय झाला ते मी पाहिलं आहे. ज्या शाहिराला शहरातल्या स्टुडिओचं भाडं परवडलं नसतं, तो संध्याकाळी रानातून आल्यावर हातपाय धुऊन माइकसमोर उभा राहू लागला. ट्रॅक आधीच तयार असायचा. तो दोन-तीन वेळा गायचा आणि रात्री जेवणाआधी डबिंग उरकायचं. या धंद्यात बिनपरवान्याच्या क्रॅक प्रती सर्रास चालतात, हेही खरं. ते योग्य नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आणि अशा प्रतीला पुढे कोणाचाच आधार राहत नाही, हे नुकसान वेगळंच.

या प्लगिनांवर कुऱ्हाड दोन बाजूंनी आली. पहिली ३२ बिटची. ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ४ जीबीच्या पुढची मेमरी हाताळता येत नाही, आणि वाद्यांचे नमुने त्याहून कितीतरी मोठे होऊ लागले. म्हणून सॉफ्टवेअर ६४ बिटकडे गेली. पण ६४ बिटचा प्रोग्रॅम ३२ बिटचं प्लगिन आपल्या पोटात घेऊच शकत नाही. मध्ये पूल बांधावा लागतो. जेब्रिजसारखा छोटा प्रोग्रॅम ते प्लगिन वेगळं चालवतो आणि आवाज इकडून तिकडे नेतो. क्यूबेसनं २०१६ मध्ये नवव्या आवृत्तीपासून स्वतःचा पूल काढून टाकला. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकवर ३२ बिटचं काहीच चालेना. दुसरी बाजू खुद्द व्हीएसटी-२ ची. व्हीएसटी-३ आलं २००८ मध्ये, पण जुनं इतकं रुजलं होतं की लोक हलेनात. २०१८ मध्ये स्टाइनबर्गनं व्हीएसटी-२ चे नवे परवाने देणं बंद केलं आणि २०२२ मध्ये ती घोषणा झाली.

स्टाइनबर्गची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. दोन पद्धती एकाच वेळी सांभाळणं खर्चाचं असतं, आणि व्हीएसटी-३ रचनेनं सरस आहे. जे प्लगिनकार अजून धंद्यात आहेत त्यांनी आपल्या गिऱ्हाइकांना नव्या आवृत्त्या दिल्या. काहींनी तर अशी सोय केली की जुनं गाणं उघडलं की नवं प्लगिन आपोआप जुन्याची जागा घेतं. पण ज्या हौशी माणसानं २००५-०६ च्या सुमारास एक फुकट प्लगिन बनवून सोडून दिलं, त्याच्याकडून कसली नवी आवृत्ती येणार?

गावातल्या एका भजनी बुवांनी २००९ साली आमच्याकडे काही अभंग गायले होते. बुवा गेले. त्यांच्या मुलानं येऊन विचारलं, बाबांच्या ट्रॅकवर नातवाला गायचं आहे, नुसतं संगीत मिळेल का? नव्या संगणकावर फाइल उघडली. बुवांचा आवाज जागच्या जागी होता, कारण तो वेव्ह फाइलमध्ये, प्रत्यक्ष ध्वनी म्हणून, साठवलेला होता. ढोलकी, टाळ, स्वरमंडळ यांच्या ओळीही दिसत होत्या, पण त्यांतून आवाज येत नव्हता. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये ढोलकी नसतेच. कोणत्या क्षणी कोणता बोल किती जोरात वाजवायचा एवढी सूचना असते, आणि वाजवणाऱ्या प्लगिनचं नाव. तो वाजवणारा हजर नसेल तर सूचना कोणाला द्यायची?

जुना विंडोज एक्सपीवाला संगणक माळ्यावर होता. त्याचा पॉवर सप्लाय गेला होता, तो खामगावहून आणून बसवला. मशीन सुरू झाल्यावर एकेक वाद्य सोलो करून वेगवेगळी वेव्ह फाइल काढली. टाळ निघाले, स्वरमंडळ निघालं. ढोलकीचं प्लगिन काही केल्या सुरू होईना, त्याचा परवाना तपासणारं ठिकाणच जगातून नाहीसं झालं होतं. शेवटी मंडळातल्या एका ढोलकीवाल्याला बसवलं. त्यानं बुवांची जुनी एमपीथ्री ऐकली, आणि मिडीच्या ओळीवर बोल कुठं पडतात हे मी त्याला पडद्यावर दाखवत गेलो. त्यानं वाजवलं ते मूळ ट्रॅकपेक्षा चांगलं झालं, हे मी मोकळेपणानं सांगतो. नातू त्यावर गायला.

वाद्यावर वरून हुकूम येण्याची वेळ काही पहिल्यांदा आलेली नाही. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला आपल्या स्टुडिओतून हद्दपार केलं आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. त्या तीस वर्षांत आमच्याकडच्या एकाही भजनी मंडळानं पेटी खाली ठेवली नाही. भाता फाटला तर शिवायचा, सूर बसला तर पालिताण्याचा नवा सूर आणून बसवायचा. पेटी दुरुस्त करणारा माणूस जवळपास होता आणि पेटी उघडून पाहायला त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. बंद प्लगिन तसं उघडता येत नाही, आमची खरी अडचण तीच आहे.

उलट उदाहरण मिडीचं. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेत सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरीनं जोडून दाखवले गेले. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी ही भाषा कुणाच्या मालकीची ठेवली नाही. त्यामुळे कितीतरी वर्षांपूर्वीची मिडी फाइल आजही उघडते. १९९१ पासूनची वेव्ह फाइलही तशीच. जे खुलं ठेवलं गेलं ते टिकलं. हे उशिरा का होईना, प्लगिनवाल्यांनाही उमजलं. २०२२ मध्ये बर्लिनच्या बिटविग आणि यू-ही यांनी क्लॅप ही खुली पद्धत आणली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये स्टाइनबर्गनं व्हीएसटी-३ सुद्धा मुक्त परवान्याखाली खुलं केलं. मला त्याचा मनापासून आनंद झाला. व्हीएसटी-२ मात्र त्यात आलं नाही.

त्याच महिन्यात, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ जुन्या मशीनवर बसत नाही. त्यामुळे आता गावोगावचे जुने संगणक भंगारात निघतील, आणि त्यांच्यासोबत प्लगिनंही.

म्हणून चिखली, मेहकर, खामगाव, मोताळा, कुठंही ज्यांनी असं छोटं रेकॉर्डिंग केलं आहे त्यांना माझी विनंती आहे. जुना संगणक चालू आहे तोवर त्याला इंटरनेटवरून अपडेट देऊ नका. प्रत्येक गाणं उघडा आणि प्रत्येक वाद्य गाण्याच्या अगदी पहिल्या क्षणापासून वेगवेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढा. मिडी फाइल वेगळी ठेवा. सोबत साध्या वहीत लिहा: गाणं काळी दोनमध्ये की पांढरी चारमध्ये, लय किती, गायक कोण, ढोलकीला कोण, गाव कोणतं, साल कोणतं. जुनी प्लगिनं पुन्हा लागलीच तर रीपर आणि एफएल स्टुडिओ ही सॉफ्टवेअर अजून त्यांना जागा देतात. सगळ्याच्या दोन प्रती करा आणि एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. जमत नसेल तर उंद्रीला मशीन घेऊन या, मी काढून देईन, पैसे लागणार नाहीत. फक्त भंगारवाल्याच्या आधी या.