आत्मप्रकटन, दूरचित्रवाणीवरील
घरातले कलह, लग्न, सासर, आजार, कर्ज अशा खाजगी गोष्टी कॅमेऱ्यापुढे अनोळखी प्रेक्षकांना सांगणे. या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत झाली. फिल डोनाह्यू यांनी १९६७ मध्ये ओहायोतील डेटन येथे कार्यक्रम सुरू केला आणि दिवसा घरी असणाऱ्या बायकांना बोलते केले. ऑप्रा विन्फ्री यांचा कार्यक्रम १९८६ ते २०११ देशभर चालला. असे पाहुणे का बोलतात, हे पॅट्रिशिया प्रीस्ट यांनी त्यांच्याशीच बोलून तपासले (पुस्तक, १९९५). प्रसिद्धीची ओढ, सूड, धंद्याची जाहिरात ही कारणे निघालीच. पण अनेकांना आपल्यासारख्या हिणवल्या गेलेल्यांची बाजू मांडायची होती. लाज सुटली म्हणून लोक बोलतात, हा समज त्यामुळे अन्यायाचा ठरतो.

मनातले बोलण्याची जागा खानदेशात पूर्वीपासून होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि गाण्यातून सासूचा जाच, नवऱ्याचा अबोला, भावाची वाट सगळे सांगतात. जात्यावरच्या ओवीतही तेच. ओवी साऱ्या गावाची असते. म्हणून गाणारीचे स्वतःचे दुःख तिच्या आड लपते. ऐकणाऱ्यांना कळते, पण बोट कोणी दाखवू शकत नाही. ही सोय फार मोलाची होती. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी तरुणपणी आलेले वैधव्य असेच गाण्यात आणले. मुलगा सोपानदेव व नात्यातील पितांबर चौधरी यांनी ती गाणी उतरवून घेतली. पुस्तक निघाले १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

मराठी दूरचित्रवाणीवर अशा आत्मप्रकटनाच्या सर्वांत जवळचा कार्यक्रम म्हणजे झी मराठीवरचा ‘होम मिनिस्टर’ (२००४–२०२२). तो संध्याकाळी लागे. आदेश बांदेकर घरी येत, खेळ घेत, जिंकणारीला पैठणी देत. बायका त्यांना ‘भाऊजी’ म्हणत. दिराशी थट्टा चालते, त्यामुळे लग्न कसे जमले, नवरा रुसतो कसा, हे सांगायला संकोच वाटत नसे. मात्र शेजारच्या खुर्चीवर सासू बसलेली असे. म्हणून तिथे हसू आणि कष्टाचे दिवस आले, जाच फारसा आला नाही. आखाजीच्या झोक्यावर नेमके उलटे: जिच्याबद्दल बोलायचे ती दुसऱ्या गावी.

घरात ऐकणारे कोणी नसले की परक्याजवळ बोलणे सोपे जाते, कारण त्याच्यासोबत उद्या राहायचे नसते. पडद्याने हीच अट मोडली. सांगणारीचे नाव, चेहरा, गाव दिसते. संकलक तिचे एखादेच वाक्य ठेवतो. तो तुकडा मोबाइलवरून तिच्या सासरी आधी पोहोचतो. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत, जिथे गावातली अनेक घरे नात्यातली निघतात, तिथे याची किंमत बाईच मोजते. म्हणून चित्रीकरणापूर्वीच्या कागदावरची सही पुरेशी मानू नये. संकलन झाल्यावर ते तिला दाखवून पुन्हा विचारावे, आणि नको म्हणाली तर तेवढा भाग काढावा.