बंद दार आणि उघडा रस्ता : हार्वर्ड, नोव्हेंबर १९६६

१/ ७ नोव्हेंबर १९६६. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांना हार्वर्ड विद्यापीठाच्या जमिनीखालील बोगद्यांतून बाहेर काढावे लागले. ते आले होते विद्यार्थ्यांना भेटण्यासाठीच. #इतिहास #धागा

२/ हार्वर्डचे माजी विद्यार्थी असलेले राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची १९६३ मध्ये हत्या झाली. त्यांचे स्मारक म्हणून १९६६ मध्ये तेथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ पॉलिटिक्स’ स्थापन झाली. विद्यार्थी आणि प्रत्यक्ष राजकारण करणारी माणसे यांच्यातील अंतर कमी करणे, हा तिचा हेतू.

३/ पहिले संचालक रिचर्ड न्यूस्टाट हे स्वतः या दोन्ही जगांतले. ट्रूमन यांच्या काळात त्यांनी व्हाइट हाउसमध्ये काम केले होते आणि राष्ट्राध्यक्षांच्या सत्तेवरील त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये गाजला होता.

४/ संस्थेत काही अनुभवी मंडळी ‘फेलो’ म्हणून मुक्काम करीत. याखेरीज मोठे पदाधिकारी अल्पकाळासाठी येत आणि मोजक्या विद्यार्थ्यांशी बंद दाराआड बोलत. बातमीदार नसले की मंत्री मोकळेपणाने बोलतो, हा त्यामागील विचार. या योजनेतील पहिले पाहुणे मॅक्नमारा.

५/ परंतु १९६६ अखेर व्हिएतनाममध्ये सुमारे ३ लाख ८५ हजार अमेरिकी सैनिक होते आणि सक्तीच्या भरतीची टांगती तलवार तरुणांच्या डोक्यावर होती. युद्धविरोधी विद्यार्थ्यांनी जाहीर वादविवादाची मागणी केली. ती नाकारली गेली.

६/ क्विन्सी हाउसमधून निघालेली मंत्र्यांची मोटार शेकडो विद्यार्थ्यांनी अडवली. अखेर मॅक्नमारा मोटारीवर चढून उभे राहिले. दक्षिण व्हिएतनामचे किती नागरिक मारले गेले, असा प्रश्न आला. आपल्याला ठाऊक नाही, असे त्यांनी सांगताच गदारोळ वाढला.

७/ बोगद्यांतून त्यांना वाट दाखवणारा संस्थेचा तरुण मदतनीस होता बार्नी फ्रँक. हाच पुढे १९८१ ते २०१३ अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा सदस्य राहिला. सत्ताधारी आणि संतप्त नागरिक यांच्यामध्ये उभे राहणे म्हणजे काय, याचा धडा त्याला कोणत्याही अभ्यासवर्गाबाहेर मिळाला.

८/ विद्यापीठाच्या डीनने क्षमा मागितली, २७००हून अधिक विद्यार्थ्यांनी दिलगिरीच्या पत्रावर सह्या केल्या. मॅक्नमारांनी उत्तरात कळवले की, अशा प्रसंगावरून मतभेदाचा हक्क आवळला जाऊ नये. १९९५ च्या आत्मकथनात त्यांनी व्हिएतनामविषयीची आपली चूक मान्य केली.

९/ दोन्ही बाजूंचा युक्तिवाद पोकळ नव्हता. बंद खोलीत राज्यकारभाराचे बारकावे कळतात. पण तेथे कोणाला बसवायचे हे यजमान ठरवतो. ज्याला युद्धावर पाठवले जाणार, त्याचा प्रश्न निमंत्रणाची वाट पाहू शकत नाही.

१०/ १९७८ मध्ये केनेडी स्कूलच्या नव्या इमारतीत संस्थेचे जाहीर सभांचे व्यासपीठ सुरू झाले. तेथे आजही पाहुण्याचे भाषण संपले की श्रोत्यांतील विद्यार्थी ध्वनिक्षेपकासमोर रांग लावतात.