इलेक्ट्रॉनिक ड्रमवरील हाय-हॅट : जुळवणी व वादन

ड्रमसंचातील हाय-हॅट म्हणजे एकाच दांड्यावर समोरासमोर बसविलेल्या दोन झांजा. खालची झांज स्थिर असते. वरची पायाच्या पेडलने खाली येऊन तिच्यावर टेकते. गोदावरीकाठच्या पुणतांब्यात, जेथे योगी चांगदेवांची समाधी आहे, टाळाचा नाद सर्वांच्याच कानांत बसलेला आहे. तेथील वाचकास हे वाद्य समजावून सांगणे म्हणूनच सोपे जाते. टाळ एकमेकांवर दाबून धरले की कोरडा, तुटक आवाज येतो. सैल सोडले की नाद लांबत जातो. आणि या दोहोंच्या मध्ये असंख्य छटा असतात. टाळकरी जे हातांनी साधतो, तेच ड्रमवादक डाव्या पायाने साधतो.

इलेक्ट्रॉनिक संचात नेमक्या याच छटा हरवतात. तेथे झांजेऐवजी रबरी पॅड असते आणि आवाज मॉड्यूलमधून येतो. पेडलमधील सेन्सर पाय किती खाली गेला हे मोजतो व मॉड्यूलला 0 ते 127 या आकड्यांत कळवितो. मिडी पद्धतीत त्यासाठी बहुधा चौथ्या क्रमांकाचा कंट्रोलर वापरला जातो. स्वस्त संचांतील पेडल मात्र केवळ 'उघडा' आणि 'बंद' एवढेच ओळखते. अशा संचावर कितीही खटपट केली तरी अर्धा उघडा आवाज निघणार नाही. धर्मग्रामाच्या पैशातून संच घेण्यापूर्वी ही एक चौकशी अवश्य करावी. पॅडांची संख्या मोजण्यापेक्षा ती महत्त्वाची आहे.

जुळवणीची सुरुवात तारांपासून करावी. झांजेचा मधला भाग व कड यांचे आवाज वेगळे हवे असतील, तर पॅडला स्टीरिओ जॅकची तार लागते. साधी मोनो तार जोडल्यास कड मुकी राहते आणि पॅड बिघडले असा समज होतो. पेडलची तार वेगळी असून ती हाय-हॅट कंट्रोलच्या छिद्रात जाते. एका कंपनीचे पेडल दुसऱ्या कंपनीच्या मॉड्यूलवर नीट चालेलच असे नाही. ते उलटेही वागू शकते, म्हणजे दाबले की उघडते.

यानंतर कॅलिब्रेशन, अर्थात पेडलची वरची व खालची मर्यादा मॉड्यूलला शिकविणे. खऱ्या स्टँडवर बसणारे पॅड असेल, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे क्लच सैल करून सेन्सरची शून्य जागा ठरवावी व मगच क्लच आवळावा. येथे बहुतेक जण पेडल सर्व शक्तीने दाबून 'बंद'ची मर्यादा नोंदवितात. मग प्रत्यक्ष वादनात पाय सहज टेकला, तर मॉड्यूलला हाय-हॅट किंचित उघडाच वाटतो आणि गाण्यामागे सतत 'सूं' असा आवाज राहतो. नोंद नेहमीच्या दाबानेच करावी. आपल्याकडे अनेक खेड्यांतील चर्चमध्ये पादत्राणे बाहेर काढली जातात. तेव्हा कॅलिब्रेशनही अनवाणी पायानेच करावे. बूट घालून केलेली जुळवणी अनवाणी पायाला लागू पडत नाही.

संवेदनशीलता त्यानंतर ठरवावी. हलक्या टोल्याला आवाज येत नसेल तर थ्रेशोल्ड कमी करावा. स्नेअर वाजविताच हाय-हॅटही वाजू लागला तर क्रॉसटॉकची मात्रा वाढवावी. बदल जपून ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. काही मॉड्यूल बटणाने बंद करतानाच नोंदी साठवितात. वीज अकस्मात गेली की तासाभराचे श्रम वाया जातात. ग्रामीण भागात हे वेगळे सांगायला नको.

एवढे करूनही वादन यांत्रिक वाटले, तर दोष हाताकडे असतो. आठही ठोके एकाच जोराने दिल्यास मॉड्यूल जवळजवळ तोच नमुना आठ वेळा ऐकविते. कहरव्याच्या आठ मात्रांत समेवर काठीच्या मानेने कडेवर आघात द्यावा व उरलेल्या मात्रा टोकाने मधल्या भागावर हलक्या घ्याव्यात. उघडा ठोका दिला की पुढच्या मात्रेला पायाने तो मिटवावा. तबला-ढोलक साथीला असतील, तर हाताचे ठोके सोडून केवळ पायाचा 'चिक' ठेवणे पुष्कळदा अधिक शोभते.

उपासनेत हा तपशील गौण नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानाने (1963) इतर वाद्यांना अटींसह वाव दिला, आणि 1967 च्या 'मुसिकाम साक्राम' या सूचनापत्राने वाद्यांचा आवाज गायनावर मात करून शब्द अस्पष्ट करू नये असे सांगितले. ख, स, श यांसारख्या वर्णांचा श्वासध्वनी आणि उघड्या हाय-हॅटचा फुस्कारा एकाच उंच पट्ट्यात येतात. त्यामुळे स्तोत्राचे शब्द सर्वप्रथम तोच झाकतो. ज्येष्ठ मंडळी 'ड्रम बंद करा' म्हणतात तेव्हा त्यांची तक्रार पुष्कळदा संपूर्ण संचाबद्दल नसून या एका आवाजाबद्दल असते. मॉड्यूलमध्ये हाय-हॅटचीच पातळी व ट्रेबल वेगळी उतरविता येते. हे काम रिकाम्या चर्चमध्ये हेडफोन लावून करू नये; गायकमंडळ गात असताना एकाने शेवटच्या बाकाजवळ उभे राहून शब्द कळतात की नाही ते सांगावे आणि वादकाने त्यानुसार पातळी उतरवीत जावी.