पेढे, बर्फी आणि आनयांग

दिवाळीच्या सुट्टीत चीनला जायचं घाटतंय. चीन म्हटलं की आमच्या घरात एकच नाव, शिआनचे मातीचे सैनिक. लेक अकरा वर्षांची, तिने त्यांची चित्रं पाहिलीयेत. मी मात्र हट्टाला पेटलोय की आधी आनयांग. "बाबा, तिथे काय आहे?" "हाडं." झालं, माझं मत तिथेच बाद! तर मंडळी, आजची खरड म्हणजे माझी बाजू मांडणं आहे.

आनयांग हनान प्रांतात. शांग राजांची शेवटची राजधानी इथे होती, साधारण इ.स.पू. १३०० ते १०४६. त्या अवशेषांना यिनशू म्हणतात. १८९९ साली वांग यिरोंग या बीजिंगमधल्या विद्वानाच्या लक्षात आलं की औषधाच्या दुकानात 'ड्रॅगनची हाडं' म्हणून जे विकतात, त्यावर अक्षरं कोरलेली आहेत. पुढच्याच वर्षी आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या (इंग्रजांकडून आपल्या भारतीय पलटणीही होत्या त्यात) आणि वांगने जीव दिला. हाडं येतात कुठून हे इतरांनी शोधलं आणि १९२८ पासून आनयांगला रीतसर उत्खनन सुरू झालं. १९३६ साली एका खड्ड्यात १७ हजारांहून जास्त तुकडे मिळाले. राजाचं दप्तरच म्हणा ना!

आता यात माझ्यासारख्या कोड खरडणाऱ्याला काय गंमत? तर ही चक्क लॉग फाइल आहे. कासवाच्या पोटाकडचं कवच किंवा बैलाच्या खांद्याचं हाड घ्यायचं, मागून खळगे कोरायचे, तिथे चटका द्यायचा. समोर तडा जातो. तो तडा म्हणजे पूर्वजांचं उत्तर. मग दिवस, प्रश्न, राजाने लावलेला अर्थ आणि कधीकधी प्रत्यक्षात काय घडलं तेही बाजूला कोरून ठेवायचं. पाऊस, पीक, लढाई, राजाची दाढदुखी, काहीही. बरं, एकच प्रश्न 'होईल' आणि 'होणार नाही' असा दोन्ही बाजूंनी विचारलेला. आमच्या टेस्ट केसेस यापुढे आळशी वाटतात.

या नोंदींत एक नाव सारखं येतं, फू हाव. वू दिंग राजाची राणी. ती पूजा करते, मुलूख सांभाळते आणि लढाईवर जाते. एका नोंदीत तिच्या मोहिमेसाठी तीन हजार आणि वर आणखी दहा हजार माणसं उभी केल्याचं आहे. ही खरीच कोणी होती का, याचं उत्तर १९७६ साली मिळालं. झेंग झेनश्यांग या पुरातत्त्वज्ञ बाईंच्या तुकडीला राजवाड्याच्या भागाजवळ एक कबर सापडली. नदीपलीकडच्या राजांच्या भल्यामोठ्या कबरी चोरांनी कधीच धुऊन नेल्या होत्या, ही लहानशी तेवढी वाचली. आत ४६८ काशाच्या वस्तू, ७५५ जेडच्या, सात हजारांच्या आसपास कवड्या. कित्येक भांड्यांवर तिचं नाव. दोन मोठ्या कुऱ्हाडी तर नऊ किलोच्या आसपासच्या. आणि हो, तिच्यासोबत बळी दिलेली किमान सोळा माणसंही. हे लेकीला सांगावं की गाळावं, यावर आमच्याकडे दोन दिवस वाद चालला.

पण मी अडलो ते दुसऱ्याच ठिकाणी. राणी गरोदर असताना राजाने विचारलं, बाळंतपण चांगलं होईल ना? तडा वाचून तो म्हणाला, दिंग दिवशी झालं तर चांगलं, गंग दिवशी झालं तर फारच शुभ. एकतीस दिवसांनी, भलत्याच दिवशी, बाळ झालं. खाली निकाल कोरलाय : चांगलं झालं नाही, मुलगी झाली.

हे वाचलं आणि मला आजोबांची खर्चाची वही आठवली. काकाच्या जन्माच्या तारखेपुढे 'पेढे २ शेर'. बाबांच्या तारखेपुढेही पेढे. आत्याच्या तारखेपुढे फक्त 'कन्या'. बर्फीसुद्धा नाही. याच आत्याने शाळेत नोकरी करून माझ्या इंजिनियरिंगची फी भरली. आजोबा दुष्ट नव्हते हो, म्हातारपणी आत्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. वू दिंगही तसाच असावा. बायकोच्या हाती फौज देणारा, ती गेल्यावरही तिच्यासाठी पूजा करणारा आणि मुलगी झाली की 'चांगलं नाही' असं कोरून घेणारा. दोन्ही खरं.

शेवटी लेकीला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "ते कासव दाखव मला." आता आली का पंचाईत! ते कवच आनयांगला नाहीच. १९३६ च्या त्या खड्ड्यातला ऐवज १९४९ च्या सुमारास तैवानला गेला, ते कवच तैपेईत आहे. तरी बेत ठरलाय. बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात फू हावचं घुबडाच्या आकाराचं मद्यपात्र, मग आनयांगला तिची कबर, मग त्याच रेल्वेमार्गावर पुढे जंगजोउला हनान संग्रहालयात त्या घुबडाची जोडी. मातीचे सैनिक सर्वात शेवटी. तैपेई पुढच्या खेपेला, खिसा परवानगी देईल तेव्हा.

असो. आत्याला फोन करून वहीचं सांगितलं. हसली. म्हणाली, "माहितीये रे मला. तू आपली येताना बर्फी घेऊन ये."